जुना टॅरो डेक की नवं पुनर्मुद्रण? आधी रेषा बघा, रंग शेवटी

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो ७८ चित्रपत्त्यांचा संच, म्हणजे डेक, आणि त्यातला सर्वांत परिचित रायडर-वेट. असे दोन रायडर-वेट डेक शेजारी ठेवले की नजर आधी रंगांवर जाते. एकातला पिवळा मऊ, दुसऱ्यातला भडक, आणि त्यावरून लगेच ‘हा जुना, तो नवा’ असा निकाल लागतो. या कामात रंगाइतका बेभरवशाचा पुरावा दुसरा नाही. तो उन्हाने उडतो, एकाच आवृत्तीच्या दोन छपायांत वेगळा येतो, आणि आजकाल तर जुनाट दिसावा म्हणून मुद्दाम फिका छापतात. आधी तपासायचं ते रेषा, ठिपके, कागद आणि मापं.

खाली सगळीकडे उदाहरण याच रायडर-वेट (पूर्ण नाव रायडर-वेट-स्मिथ) डेकचंच घेतलं आहे, कारण सर्वांत जास्त छापला गेलेला आणि सर्वांत जास्त गोंधळ असलेला डेक तोच.

आधी वंशावळ

आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला हा डेक लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी डिसेंबर १९०९ मध्ये बाजारात आणला. पहिल्या छपाईत कार्डांच्या पाठीवर गुलाब आणि लिलीची नक्षी होती. १९१० पासून तडे गेलेल्या रंगासारखी दिसणारी तपकिरी पाठ आली. तेव्हापासूनच्या जुन्या रायडर छपायांना संग्राहक पामेला ए, बी, सी आणि डी म्हणतात. १९६८ मध्ये अमेरिकेत फ्रँकी अल्बानो यांनी हीच चित्रं भडक रंगांत काढली. १९७१ मध्ये यूएस गेम्स सिस्टीम्सचा, निळ्या चौकटीदार पाठीचा डेक आला. आज ‘नेहमीचा रायडर’ म्हणतात तो हाच. १९९० चा युनिव्हर्सल वेट म्हणजे मेरी हॅन्सन-रॉबर्ट्स यांनी नव्याने रंगवलेली चित्रं. २००९ मध्ये शताब्दीनिमित्त जुन्या छपाईच्या मंद रंगछटांचा स्मिथ-वेट डेक निघाला.

हक्कांचा (कॉपीराइटचा) भागही इथेच उरकू. स्मिथ १९५१ मध्ये वारल्या. भारतात हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात, त्यामुळे इथे ते २०११ अखेर संपले. ब्रिटनमध्ये ७० वर्षांचा नियम असल्याने २०२१ अखेर. म्हणून मूळ चित्रं छापलेला स्वस्त डेक दिसला की तो चोरीचाच असेल असं नाही. नंतर कोणी नव्याने रंगवलेली चित्रं, किंवा दुसऱ्या प्रकाशकाचं नाव आणि डबा जसाच्या तसा उचलणं, हा मात्र वेगळा मामला.

डब्यावरचं साल हे छपाईचं साल नव्हे

‘१९७१ चा दुर्मीळ डेक’ अशा जाहिराती सतत दिसतात. कार्डाच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेलं १९७१ हे हक्क नोंदल्याचं साल आहे. ते नंतरच्या छपायांवरही तसंच राहिलं. मार्सेय या जुन्या फ्रेंच टॅरोच्या डेकांमध्ये हाच घोळ कितीतरी आधीपासून आहे. पत्ते बनवणाऱ्या निकोला कॉन्व्हेरच्या ठशांवरचं १७६० हे साल पुढे अनेक दशकं छापलेल्या पत्त्यांवरही येत राहिलं.

छपाईचा काळ डब्यावरच्या इतर खुणा सांगतात. दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो जून १९७४ मध्ये. त्यामुळे छापील बारकोड असलेला डबा १९७१ चा असूच शकत नाही. आयएसबीएन (पुस्तकांना देतात तो क्रमांक) १३ आकडी लिहिलेला असेल तर डबा साधारण २००७ चा किंवा नंतरचा. वेबसाइटचा पत्ता असेल तर १९९० च्या दशकाचा मध्य किंवा त्यापुढे. यूएस गेम्सचा पत्ता न्यूयॉर्कचा असेल तर आधीचा, कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डचा असेल तर नंतरचा. छपाईचा देशही बघा: सुरुवातीचे डेक स्वित्झर्लंडमध्ये एजीम्युलर या कंपनीने छापलेले, पुढे बेल्जियम, इटली, आणि आताचे चीन. इतर प्रकाशकांच्या डेकवर ‘पश्चिम जर्मनी’ दिसलं तर छपाई १९९० च्या आतली.

पण या सगळ्यावरून वय कळतं ते डब्याचं. जुन्या डब्यात नवा डेक घालून विकणं अगदी सोपं आहे, म्हणून कार्डांची तपासणी टळत नाही.

साहित्य

दहापट भिंग आणि शक्य असल्यास तीसपट खिशातला मायक्रोस्कोप. डिजिटल व्हर्निअर कॅलिपर. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. बाजारात स्वस्तात मिळणारा ३९५ चा नको, कारण त्याचा जांभळा उजेडच इतका पडतो की कागदाची चमक कळत नाही. फ्लॅटबेड स्कॅनर. आणि झेरॉक्सचा एक कोरा कागद. तो कशाला ते पुढे येईल.

दोन्ही डेक एकाच खोलीत एक दिवस उघडे ठेवा आणि मगच मोजा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागद ओलावा धरतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो. सत्तर मिलिमीटर रुंदीत दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक नुसत्या हवेमुळे पडू शकतो, आणि मग आवृत्तीतला फरक सापडल्याचा भास होतो.

भिंगाखालची काळी रेषा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

सुरुवातीच्या रायडर छपाया लिथोग्राफीच्या, म्हणजे शिळाछापाच्या. त्यात काळी बाह्यरेषा वेगळ्या प्लेटवरून, एकाच शाईने, भरीव उमटते. भिंगातून तिची कड किंचित खडबडीत दिसेल, पण आत शाई सलग असते. रंगाचे भाग एकतर सपाट शाईचे, नाहीतर अनियमित, लहानमोठ्या ठिपक्यांचे.

आता छापील कार्डाचा फोटो किंवा स्कॅन घेऊन चार रंगांच्या ऑफसेटवर पुन्हा छापलं की काय होतं? निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा यांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसतात आणि भिंगाखाली फुलासारखी गोल नक्षी दिसते. पण ठिपक्यांची जाळी दिसली म्हणून लगेच ‘नवा’ म्हणू नका. जाळीची छपाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे. नुसते बेशिस्त ठिपके दिसले म्हणून ‘जुना’ही म्हणू नका, कारण आजच्या काही छपायांत मुद्दाम विखुरलेले, एकसारख्या आकाराचे बारीक ठिपके वापरतात. खरा प्रश्न काळ्या रेषेचा आहे. ती रेषा ठिपक्यांनी बनली असेल, कडेला निळी किंवा लाल झालर असेल, तर मूळ रेषाप्लेट वापरलेली नाही. कार्ड दुसऱ्या छापील कार्डावरून घेतलं आहे.

कॉपीच्या दर पिढीला रेषा थोडी जाड होते आणि जवळच्या रेषा एकमेकींत मिसळतात. हे बघायला पेंटॅकल्सचा (नाण्यांच्या गटाचा) दश्शा उत्तम. डावीकडे खाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या अंगरख्यावर द्राक्षं आणि चिन्हं दाटीने काढली आहेत. चांगल्या छपाईत प्रत्येक द्राक्ष सुटं दिसतं. कॉपीवरून कॉपी केलेल्या डेकमध्ये तिथे नुसते गडद डाग उरतात आणि पांढऱ्या कुत्र्यांच्या अंगावरच्या बारीक रेषा तुटतात. दुसरी जागा स्मिथ यांची नाममुद्रा, म्हणजे कार्डाच्या कोपऱ्यातली त्यांच्या आद्याक्षरांची वळणदार गुंफण. त्या वळणांमधली मोकळी जागा बुजली असेल तर मधल्या दोन-तीन पिढ्या नक्की गेल्या.

सूर्याच्या कार्डावर एकोणीस या रोमन आकड्याच्या उजवीकडे एक छोटी नागमोडी काळी रेषा काही छपायांत आहे, काहींत नाही. जुन्या छपाया ओळखताना संग्राहक ती आवर्जून बघतात. पण ती एकटी पुरत नाही, कारण ज्या डेकवरून पुनर्मुद्रण केलं त्याची खूण पुनर्मुद्रणातही येतेच.

शीर्षकांची अक्षरं

जुन्या डेकमध्ये शीर्षकं स्मिथ यांच्या हातची आहेत. १९७१ च्या डेकमध्ये टाइपची अक्षरं आली, आणि २००९ मध्ये पुन्हा हाताची. ओळखायचं कसं? ‘द हाय प्रीस्टेस’ हे कार्ड घ्या. इंग्रजी शीर्षकात एस तीनदा येतो. तिन्ही एस तंतोतंत एकसारखे असतील तर टाइप. वळणं थोडी थोडी वेगळी असतील तर हाताची अक्षरं. टाइप असलेला डेक कोणी १९२० चा म्हणून विकत असेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मापं घेताना कार्ड नाही, चौकट मोजा

बाहेरचं माप कटिंगवर अवलंबून असतं. यूएस गेम्सचं प्रमाण माप ७० बाय १२० मिलिमीटर आहे, पण कटिंग सरकलं की एका बाजूची पांढरी किनार जाड आणि दुसरी बारीक होते. म्हणून चित्राभोवतीच्या काळ्या चौकटीची उंची आणि रुंदी मोजा आणि उंचीला रुंदीने भागा. दोन्ही डेकचा भागाकार सारखा, पण मापं वेगळी, म्हणजे चित्र लहान-मोठं केलं आहे. भागाकारच वेगळा, म्हणजे चित्र ताणलंय, छाटलंय किंवा नव्याने काढलंय. निदान पाच कार्डांवर हे करा.

जाडीसाठी दहा कार्डं एकत्र धरून मोजा आणि दहाने भागा. एकच कार्ड मोजलं तर कॅलिपरच्या दाबानेच आकडा बदलतो. कोपऱ्यांसाठी आकड्यांची गरज नाही. दोन्ही डेकमधलं एकेक कार्ड एकावर एक, कडा जुळवून उजेडासमोर धरा. गोलाई वेगळी असेल तर एक कोपरा बाहेर डोकावतो. कोपरा कापणारी डाय वेगळी, म्हणजे बहुधा छपाईही वेगळी.

कागद आणि अतिनील उजेड

कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं साधारण १९५० पासून कागदात आली. अतिनील उजेडात ती निळसर पांढरी चमकतात. खोली अंधारी करा, झेरॉक्सचा कागद तुलनेसाठी शेजारी ठेवा (तो लखलखतो), आणि कार्डाची पांढरी किनार व कापलेली कड बघा. टॉर्च डोळ्यांवर येऊ देऊ नका, आणि काही सेकंदांत काम उरका. जुन्या शाईला हा उजेड मानवत नाही.

कापलेल्या कडेपर्यंत सगळं कार्ड चमकत असेल तर ते दुसऱ्या महायुद्धाआधीचं नाही. इथेतिथे ठिपके चमकत असतील तर ती कपड्यांच्या साबणपावडरीची देणगी असू शकते, म्हणून कड महत्त्वाची. उलट बाजूने मात्र हा पुरावा चालत नाही: चमक नाही म्हणजे जुना, असं म्हणता येत नाही. अशी रसायनं नसलेला कागद आजही बनतो.

जुन्या कागदाचा पिवळेपणा खरा की छापलेला, हे भिंग सांगतं. कोऱ्या किनारीवर बघा. खऱ्या जुन्या कागदात पिवळसर छटा तंतूंमध्येच असते आणि कडेकडे गडद होत जाते. जुनाट दिसणाऱ्या पुनर्मुद्रणात त्याच जागी पिवळे ठिपके दिसतात. चहात बुडवून जुनं केलेल्या कार्डावर डागाची कड गडद आणि कागद किंचित सुरकुतलेला असतो.

स्कॅनवर स्कॅन

दोन्ही कार्डं एकाच स्कॅनरवर, ६०० डीपीआयला, रंगसुधारणा आणि डीस्क्रीन (छापील ठिपके पुसणारी सोय) दोन्ही बंद ठेवून स्कॅन करा. हे चालू राहिलं तर सॉफ्टवेअर ठिपके पुसून टाकतं आणि दोन वेगळे डेक सारखेच दिसायला लागतात. फाइल टिफमध्ये ठेवा. जिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक स्कॅन दुसऱ्यावर थर म्हणून टाका, काळ्या चौकटीचे चार कोपरे जुळवा आणि थराची पद्धत ‘डिफरन्स’ करा. सारखा भाग काळा होतो, बदललेली रेषा उजळून दिसते.

एक सापळा: रंग रेषेबाहेर सरकलेला दिसला की ‘वेगळी आवृत्ती’ म्हणायचा मोह होतो. छापताना प्लेट जराशी हलली तरी असं होतं, आणि एकाच डेकमधल्या दोन कार्डांतही ते सापडतं. रेषेचा आकार बदलला तरच आवृत्तीचा फरक धरा.

विकत घेण्याआधी

विक्रेत्याकडून सूर्य, हाय प्रीस्टेस आणि पेंटॅकल्सचा दश्शा यांचे जवळून फोटो मागा, एक पाठीचा, आणि सगळे ७८ पत्ते रचून बाजूने काढलेला एक. हा शेवटचा फोटो फार कामाचा. हरवलेल्या कार्डाच्या जागी दुसऱ्या छपाईतलं घातलं असेल तर गठ्ठ्याच्या कडेला तेवढी एकच रेघ जास्त पांढरी किंवा जाड दिसते. ते कार्ड काढून त्याच्या पाठीचा निळा शेजारच्या कार्डाशी ताडून बघायला सांगा. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय हवेत. विक्रेता फक्त डब्याचे फोटो पाठवत असेल, तर किंमतही फक्त डब्याचीच धरा.