कोकणातल्या घरात आठ फुटी मत्स्यटाकी बांधताना

८ बाय २.५ बाय २.५ फुटांच्या टाकीत सुमारे १,४०० लिटर पाणी मावतं. १९ मिमी काचेचंच वजन तीनशे किलोच्या वर जातं, म्हणजे एकूण ओझं पावणेदोन टनांच्या आसपास. तळमजलाच धरा. काच साधी घ्या, टफन केलेली (तापवून कणखर केलेली) नको. तिला नंतर भोक पाडता येत नाही.

लोखंडी स्टँड खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यातून आतल्या आत गंजतो, वरून रंग शाबूत दिसतो. त्यापेक्षा जांभ्या चिऱ्याच्या तीन आडव्या भिंती आणि वर चार इंची आरसीसी स्लॅब उत्तम. स्लॅबला २८ दिवस झाल्याशिवाय ओझं नको. पाणसळ लावून पाहा, वर २० मिमी थर्माकोल अंथरा. टाकी जागेवरच जोडा, कारण जोडलेली टाकी दारातून आत आणणं कठीण.

काचा चिकटवायचं सिलिकॉन अ‍ॅसेटिक घ्या, म्हणजे व्हिनेगरसारख्या वासाचं. बाथरूमसाठीच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं, त्याने मासे मरतात. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं, त्यामुळे आपल्याकडे पाच-दहा मिनिटांतच वर साय धरते. त्यानंतर बोट फिरवलं की साय फाटते आणि तिथूनच पुढे पाणी झिरपतं. म्हणून एक सांधा एका दमात भरा, काचांमध्ये २–३ मिमी थर राहू द्या, मास्किंग टेप ओल्यावरच ओढा. दमट काचेवर मात्र सिलिकॉन धरतच नाही. कडा अ‍ॅसिटोनने पुसा आणि हे काम जानेवारी-फेब्रुवारीत उरका, पावसाळ्यात नकोच. दहा दिवस सुकू द्या, मग रोज थोडं थोडं करून तीन दिवसांत भरा.

खालची फिल्टर टाकी ३०० लिटरची, पंप ताशी ६,००० लिटरचा. वीज गेली की वरचं पाणी पंपाच्या पाइपातून उलटं खाली येतं. वर एक इंच पातळी उतरली तरी ४५ लिटर! पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ६ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तिथे हवा शिरून ओढ तुटते. पंप बंद करून खाली किती भरतं ते पाहा, तेवढी जागा कायम रिकामी ठेवा. हवेचा पंप इन्व्हर्टरवर हवाच.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. फिल्टरमधले जिवाणू त्यातला पीएच सावरणारा उरलासुरला क्षार खातात, मग पीएच अचानक कोसळतो. तो क्षार भरून निघावा म्हणून तिसऱ्यांची (शिंपल्यांची) उकळलेली दोन किलो कवचं जाळीच्या पिशवीत फिल्टर टाकीत टाका. प्रवाळ उचलू नका; वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे. माशांना विषारी असलेले अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरच मासे सोडा, तेही एका वेळी चार-पाच.