डिस्क आणि स्ट्रिप जुळल्या, तिथेच मी फसले

नांदेडला एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी कोलिस्टिन या प्रतिजैविकाला जीवाणू दाद देतात का हे तपासणाऱ्या दोन पद्धतींची तुलना केली: डिस्क पद्धत (औषध लावलेली चकती जीवाणूंच्या प्लेटवर ठेवून तिच्याभोवतीचा वाढ नसलेला गोल, म्हणजे झोन, मोजणे) आणि ग्रेडियंट स्ट्रिप (औषधाचे प्रमाण क्रमाने बदलत जाणारी पट्टी). दोन्हींचे निकाल जवळजवळ प्रत्येक स्ट्रेनमध्ये (जीवाणूंच्या वाणामध्ये) जुळल्यामुळे काम संपले असे समजून मी निष्कर्ष लिहायला घेतले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एवढेच विचारले, "यातली संदर्भ पद्धत कोणती?" म्हणजे बाकीच्या पद्धती जिच्याशी ताडून पाहायच्या ती. मला उत्तर देता आले नाही. तो प्रसंग आठवला की अजूनही मान खाली जाते.

कोलिस्टिनचा रेणुभार सुमारे ११५५ आहे, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचा ३३१. एवढा मोठा रेणू ॲगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीसारख्या माध्यमात) नीट पसरत नाही, त्यामुळे संवेदनशील आणि प्रतिरोधक जीवाणूंच्या झोनमध्ये अगदी थोड्या मिलिमीटरचा फरक उरतो. स्ट्रिपवर आकडे छापलेले असतात आणि एमआयसी (जीवाणूंची वाढ थांबवणारे औषधाचे सर्वांत कमी प्रमाण) थेट वाचता येते, म्हणून ती स्वतंत्र पद्धत वाटते. परंतु तिच्यातले औषधही त्याच ॲगारमधून, त्याच अडचणीने पसरते. म्हणजे माझ्या दोन्ही पद्धती एकाच कारणाने चुकत होत्या आणि त्यांच्या जुळण्यालाच मी अचूकता समजत होते. अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय (अमेरिका) आणि युकास्ट (युरोप) यांच्या संयुक्त गटाने २०१६ मध्येच कोलिस्टिनसाठी ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाची वेगवेगळी प्रमाणे घेऊन तपासणे) ही संदर्भ पद्धत ठरवली होती, तीही सल्फेट क्षार आणि साध्या पॉलिस्टायरीन प्लेट वापरून, पॉलिसॉर्बेट हा डिटर्जंटसारखा पदार्थ न घालता. सीनियरच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबून प्रकल्प आखणाऱ्यांना हे कळत नाही. मीही त्यांच्यातलीच होते.

टक्केवारीही अशीच फसवते. समजा शंभर स्ट्रेनपैकी चारच प्रतिरोधक आहेत आणि त्यांतले दोन तुमच्या पद्धतीने संवेदनशील ठरवले, तर एकूण जुळणी ९८ टक्के दिसेल. पण प्रतिरोधक स्ट्रेनपैकी निम्मे हातातून निसटलेले असतील. या चुकीला 'व्हेरी मेजर एरर' म्हणतात आणि तिचा भाजक फक्त प्रतिरोधक स्ट्रेनचा असतो. म्हणून प्रतिरोधक स्ट्रेन पुरेसे जमल्याशिवाय तुलना सुरू करूच नका, मार्गदर्शक कितीही घाई करोत.

मात्र यामुळे डिस्क पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. १९६६ साली प्रसिद्ध झालेली किर्बी-बाउअर पद्धत, म्हणजे हीच डिस्क पद्धत, आजही बहुतेक औषधांसाठी स्वस्त आणि भरवशाची आहे, आणि ती हाताला बसली की पुढचे सगळे सोपे जाते. ॲगारची जाडी ४ मिलिमीटर ठेवा आणि ०.५ मॅकफार्लंडचे (गढूळपणाच्या ठरलेल्या मापाचे) जीवाणूंचे सस्पेन्शन १५ मिनिटांच्या आत वापरा, कारण मे महिन्यात पंखाही गरम वारा टाकणाऱ्या आपल्याकडच्या खोलीत ते तसेच ठेवले तर जीवाणूंची संख्या वाढते आणि झोन लहान येतात. हे मला मार्गदर्शकांनी नव्हे, वीस वर्षे प्लेट ओतणाऱ्या लॅब टेक्निशियन काकांनी शिकवले. माझ्या मते नवख्याने पहिले सहा महिने अशाच माणसाच्या शेजारी उभे राहावे.

नंतर मी तेच स्ट्रेन ब्रॉथमध्ये पुन्हा लावले. संवेदनशील नियंत्रणासाठी (निकाल आधीच माहीत असलेला स्ट्रेन) ई. कोलाय एटीसीसी २५९२२ होताच. या वेळी कोलिस्टिनला प्रतिरोध देणारे एमसीआर-१ जनुक असलेला एनसीटीसी १३८४६ हा प्रतिरोधक नियंत्रणही सोबत ठेवला, ज्याची एमआयसी ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास यायला हवी. ती आली, आणि त्यानंतरच मी बाकीच्या प्लेट वाचायला घेतल्या.