पुराणकथांवर कुमार कादंबरी लिहिताय? या चुका टाळा

कुमार वाचकांसाठी पुराणकथांवर बेतलेल्या फँटसी कादंबऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येत असतात. लिहिणारे बहुतेक विशीतले, हौस दांडगी. मला याचा मनापासून आनंद आहे, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला धरून ठेवतील अशी पुस्तकं मराठीत फार थोडी आहेत. पण पहिली वीस पानं उलटली की त्याच त्या चुका समोर येतात. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं मांडते.

मालिकेच्या आठवणीवर कादंबरी उभी करणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मागे एका तरुणाचं हस्तलिखित आलं. कल्पना झकास होती. खांडववन जळालं तेव्हा जिवानिशी सुटलेली एक नागकन्या नाव बदलून इंद्रप्रस्थात दासी म्हणून राहते. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणते, ते ही मुलगी ऐकते आणि हस्तिनापुरात पोचवते. पुढची अडीचशे पानं त्या एका वाक्यावर तोललेली. मी विचारलं, ‘हे वाक्य कुठे वाचलंस?’ तो म्हणाला, ‘मॅडम, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे.’

सभापर्वात द्रौपदी असं काही म्हणत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक खपून, 1259 हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात हा प्रसंग काढून वाचा. दुर्योधन स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून कपडे सावरतो, मग खऱ्या पाण्याला जमीन समजून कपड्यांसकट आत पडतो. हसतात कोण, तर भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीचं नावही तिथे नाही. मात्र काही अध्यायांनंतर दुर्योधन हीच गोष्ट धृतराष्ट्राला सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्यात कृष्णही हसलेला असतो आणि बायकांच्या घोळक्यात द्रौपदीही.

म्हणजे घडलं ते एक, आणि दुखावलेल्या मुलाने बापाला सांगितलं ते दुसरं. कादंबरीकाराला याहून मोठं घबाड कुठलं मिळणार? तरुण आधी रागावला, लेखकाचं स्वातंत्र्य वगैरे बोलला. मी त्याला दोन्ही जागा शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावल्या. नंतर तो परत आला तेव्हा बहुतेक जुनी पानं त्याने टाकून दिली होती. आता त्याची नागकन्या ही सभेत खरं काय झालं ते पाहिलेली एकमेव मुलगी होती, आणि दासीला कोण विचारतो? चौदा वर्षांच्या वाचकाला हे दुखणं चांगलं ठाऊक असतं.

स्वातंत्र्य घ्याच. पण आपण काय बदलतोय ते तरी माहीत हवं. लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. आईच्या पोटात चक्रव्यूह ऐकणारा अभिमन्यू द्रोणपर्वात नाही. तिथे तो सरळ सांगतो की आत शिरायचं बापाने शिकवलंय, बाहेर पडणं येत नाही. लोकांनी नंतर घातलेल्या या गोष्टी सुंदर आहेत, वापरायला हरकत नाही. फक्त ‘व्यासांनी लिहिलंय’ म्हणून त्यांवर कथानक लटकवू नका.

दहा मिनिटांत महाभारत सांगणारे व्हिडिओ आणि फॉरवर्ड होणारे मेसेज यांवर माझा काडीचा विश्वास नाही. दहा मिनिटांत सांगायचं तर विचित्र, अडचणीचं, परस्परविरोधी असेल ते आधी गाळावं लागतं, आणि तुम्हाला नेमकं तेच हवं असतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संपूर्ण महाभारताची मराठी भाषांतरं मोठ्या वाचनालयांत मिळतात. सगळी पर्वं नकोत, आपल्या कथेपुरतं एक पर्व सावकाश वाचा. माझी सवय अशी: वहीच्या डाव्या पानावर काय घडलं, उजव्या पानावर ते कोण कोणाला सांगतंय. महाभारतात सतत कोणीतरी कोणाला तरी गोष्ट सांगत असतं. उजवं पान भरत गेलं की पात्रं आपोआप उभी राहतात.

फुकटच्या शक्ती

नायिकेच्या तळहातावर खूण उमटते, तिसऱ्या प्रकरणात हातातून ज्वाळा निघतात, सातव्यात ती उडते, आणि या सगळ्याचं तिला काहीही मोजावं लागत नाही. असं हस्तलिखित मी तिथेच बाजूला ठेवते. आपल्या पुराणांत फुकट काहीच मिळत नाही. कर्णाने अंगावरची कवचकुंडलं कापून दिली तेव्हा इंद्राची शक्ती मिळाली, तीही एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती चौदाव्या दिवशीच्या रात्री घटोत्कचावर खर्च झाली. इथे अट हेच कथानक आहे. अट काढा, कर्णाची निम्मी शोकांतिका जाते.

अश्वत्थामा घ्या. त्याला अस्त्र सोडता येतं, मागे घेता येत नाही. समोर अर्जुन मात्र स्वतः सोडलेलं अस्त्र मागे घेऊ शकतो, कारण त्यासाठी लागणारा संयम त्याने आयुष्यभर पाळलेला असतो. मध्ये व्यास आणि नारद उभे. अश्वत्थामा मग ते अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो, आणि त्यापायी तीन हजार वर्षं एकट्याने भटकण्याचा शाप घेतो. नर्मदेच्या काठी परिक्रमावासी आजही सांगतात की तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो.

म्हणून शक्ती कागदावर आणण्याआधी मी तीन प्रश्न विचारते: कोणी दिली, बदल्यात काय घेतलं, आणि कधी चालणार नाही? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर ते प्रकरण लिहायलाच बसू नका. नवे लेखक इथे फार घाई करतात. त्यांना लढाईच्या प्रसंगाची ओढ असते आणि नियम ठरवणं कंटाळवाणं वाटतं. मग शेवटी खलनायक का हरला हे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही.

प्रत्येक शेवट म्हणजे युद्ध

आस्तिकावर लिहिलेल्या एका कादंबरीत त्याच्या हातात तलवार दिलेली पाहिली आणि जीव हळहळला. आस्तिक हा आदिपर्वातला पोरगा. आई नाग, बाप ऋषी, दोघांचंही नाव जरत्कारू. आपल्या बापाला तक्षक नागाने मारलं म्हणून जनमेजय राजाने यज्ञात सगळ्या नागकुळाची आहुती मांडलेली. हा मुलगा एकटा त्या यज्ञमंडपात शिरतो आणि यज्ञाची अशी स्तुती करतो की राजा म्हणतो, हा पोर असून म्हाताऱ्यासारखा बोलतो. राजा वर द्यायला तयार होतो. वरून तक्षक अग्नीकडे खेचला जात असतो. आस्तिक त्याला ‘थांब’ म्हणतो आणि तो अधांतरी लटकून राहतो. आस्तिक वर मागतो: यज्ञ थांबव. नाग आणि माणूस अशा दोन्हीकडचं मूल मोठ्यांचा सूड शब्दांनी थांबवतं. तलवार दिलीत तर हे सगळं मातीमोल.

थोडक्यात सांगण्यासारख्या

असुर म्हणजे वाईट, विषय संपला, असं करू नका. मयसभा बांधणारा मय दानवच होता, अर्जुनाने जीव वाचवला म्हणून त्याने ती बांधली. आणि ज्या बळीला वामनाने पाताळात घातलं, त्याच्याच नावाने आपल्याकडे पाडव्याला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात.

‘हे तात, मज आज्ञा द्यावी’ ही भाषा नको, तशीच व्हॉट्सअ‍ॅपवरचीही नको. साधी बोलती मराठी पुरते.

एका अक्षराने सुरू होणारी चार नावं एका प्रकरणात आणू नका.

ज्ञान वाटणाऱ्या गुरूला पानभर बोलू देऊ नका. त्याला अर्धंच माहीत असू द्या.

खंडोबा, वेतोबा, साती आसरा यांच्यावर लिहायचं तर त्या जागी जाऊन या. ते कोणाचं तरी कुलदैवत, ग्रामदैवत आहे. आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. असा तपशील घरी बसून सुचत नाही.

पहिलंच पुस्तक तीन भागांचं जाहीर करू नका. पहिल्या भागाला स्वतःचा शेवट हवा, नाहीतर मुलं चिडतात आणि त्यांचं बरोबर असतं.

छापण्याआधी आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचून दाखवा. ‘आवडलं का’ विचारू नका, भिडेखातर ‘हो’ म्हणतील. जिथे चुळबुळ सुरू होते तिथे समासात पेन्सिलीने खूण करा. खुणा केलेली पानं दुरुस्त झाली की मग हस्तलिखित पाठवा.