फुकटात जर्मन शिकताना माझी गाडी कुठे अडली होती

क्लासची फी भरायची ऐपत नव्हती, म्हणून आधी दिसेल ते फुकटचं ॲप उतरवत सुटलो, तीन महिने रोज स्ट्रीक (एकही दिवस न चुकवता केलेल्या धड्यांची मोजणी) सांभाळली आणि एवढं करून साधं "माझी बॅग हरवलीय" सुद्धा बोलता येईना. मग सगळी ॲप्स उडवली नि डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स धरला, पूर्ण फुकट आहे, ए१ या अगदी सुरुवातीच्या पातळीपासून बी१ या मधल्या पातळीपर्यंत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निकोची पहिल्यांदा बॅगच हरवते! एक छोटा व्हिडिओ, खाली सराव, रोज तेवढंच.

तरी डेर-डी-दास, म्हणजे नामाचं लिंग सांगणारी त्याच्या आधीची आर्टिकलं, काही डोक्यात बसेना. आपल्याकडे पण तो-ती-ते आहेच की, पण जुळत नाही ना, आपला सूर्य तो, त्यांची झोने ती, आणि मुलगी चक्क दास मेडशेन, म्हणजे आपलं 'ते पोरगं' म्हणतो तसं समजा. मग अंकी या पाठांतराच्या ॲपमध्ये शब्दांची कार्डं केली, नुसता शब्द कधीच टाकायचा नाही, आर्टिकलसकट टाकायचा, डेर निळा, डी लाल, दास हिरवा. (अंकी कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवाल्यांना पैसे पडतात, बघा बुवा.) आता भांडी घासताना डॉइचे वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या लावतो, सोबत मजकूर पण असतो, पहिल्या वेळी अर्धं डोक्यावरून जातं, मग वाचून परत ऐकतो. बोलायला मात्र अजून कोणी नाही, आरशासमोरच चालू आहे, आई म्हणते पोरगं बिघडलं.