दुःखावरची बालकादंबरी कशी लिहावी : सोलापुरातल्या एका घराच्या आधाराने

घरातले माणूस गेल्यानंतरचे दिवस मुलांसाठी लिहायला घेतले, की पहिला प्रसंग बहुधा रडण्याचा सुचतो. तो बाजूला ठेवून आधी एक यादी करावी : गेलेले माणूस घरात कोणकोणती कामे करत होते आणि त्यातले प्रत्येक काम आता कोणाकडे आले, किंवा कोणाकडेच आले नाही. दुःख, कुटुंब आणि नवी सुरुवात या तिन्ही गोष्टी या यादीतूनच लिहिता येतात, असे माझे ठाम मत आहे.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातले एक घर आहे. वडील यंत्रमागावर कामाला होते, आई घरी विड्या वळते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि पुष्कळदा ते आडवेळी येते. त्या वेळी उठणे हे वडिलांचे काम होते. ते गेल्यानंतर पहिल्यांदा पाणी येते तेव्हा कोणीच उठत नाही. सकाळी शेजाऱ्यांची पिंपे भरलेली असतात, या घरचे पिंप कोरडे असते. आई न बोलता शेजारून दोन घागरी आणते. पुढच्या वेळी अकरा वर्षांचा मुलगा झोपण्यापूर्वी नळाची तोटी उघडी ठेवतो आणि खाली स्टीलची घागर उपडी घालतो, म्हणजे पाण्याच्या आवाजाने जाग येईल. प्रसंग इथेच थांबवावा. ‘त्याला बाबांची फार आठवण आली’ हे वाक्य त्याला जोडू नये. दहा वर्षांच्या वाचकाला ते न सांगता कळते.

मात्र याच प्रसंगात एक धोका आहे. आपल्याकडे भेटायला आलेली माणसे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ‘आता तूच घरचा कर्ता’ असे सहज बोलून जातात, आणि कादंबरीही नकळत त्या मुलाचे कौतुक करू लागते. कादंबरीने त्या वाक्याचे ओझे दाखवावे. मुलगा वहीच्या मागच्या पानावर वडिलांनी घेतलेल्या उचलीचा हिशेब मांडतो, क्रिकेटला जायचे टाळतो, हे दाखवावे. मग एखाद्या मोठ्या माणसाने ते ओझे उतरवावे. आईच म्हणू शकते, “पाण्याला मी उठते. तू झोप. सकाळी शाळा आहे.” नव्या सुरुवातीचे याहून खरे चित्र मला सुचत नाही. पुढे आई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात जाऊ लागली, तरी तो बदल एकदम सुखाचा करू नये. विड्या वळताना ती दिवसभर घरात होती, आता संध्याकाळपर्यंत नसते, हेही मुलाच्या वाट्याला येते.

भावंडांच्या वयात अंतर ठेवावे. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला मरण कायमचे असते हे उमगत नाही, त्यामुळे धाकटी बहीण ‘बाबा कधी येणार’ हे पुन्हा पुन्हा विचारेल. थोरल्याला ते कळते. पण आपल्याच हट्टामुळे हे झाले, अशी भीती त्याच्या मनात असू शकते. ‘देवाघरी गेले’ हे शब्द आजीच्या तोंडी जरूर यावेत, कारण घरोघरी तसेच बोलतात. तरीही एकदा कोणीतरी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. आत्या सांगेल, “तुझ्या बाबांचं हृदय बंद पडलं. ते आता परत येणार नाहीत. तू सायकलसाठी रडलास, त्याच्यामुळं हे झालेलं नाही.”

घर कोणत्या समाजाचे आहे, हे लिहिण्यापूर्वी ठरवावे. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरात आईला ‘अम्मा’ म्हणतील. लिंगायत घरात दफन होईल. मुस्लिम घरात चाळिसावा येईल. विधी थोडक्यात, मुलाच्या नजरेतून लिहावेत. तेलुगू-कन्नड शब्द मोजकेच आणि ज्याच्या त्याच्या तोंडी द्यावेत.

कथानक जूनमध्ये शाळा सुरू होते तिथून संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यापर्यंत, म्हणजे सोलापूरच्या यात्रेपर्यंत, न्यावे. वर्षश्राद्ध पुस्तकाबाहेरच राहू द्यावे, म्हणजे सगळे मिटले असा आव आणावा लागत नाही. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीचे वर्णन करण्याचा मोह होईल, पण या गोष्टीला आकाशपाळणा अधिक उपयोगी आहे. मुलगा त्यात बसतो, पोट धरून हसतो आणि खाली उतरताना आपण हसलो म्हणून घाबरतो. मुलांचे दुःख असे सलग नसते, ती खेळात शिरतात आणि मधेच थबकतात. म्हणून दुःखाच्या प्रकरणांमध्येही डबा, भांडण, पतंग यांना भरपूर जागा द्यावी.

नऊ ते बारा वयासाठी प्रकरणे एका तासिकेत मोठ्याने वाचून होतील एवढीच ठेवावीत. पहिला खर्डा त्या वयाच्या मुलांना वाचून दाखवावा आणि ती कुठे चुळबुळतात, कुठे प्रश्न विचारतात, ते समासात टिपावे. ऐकणाऱ्यांत नुकतेच आई किंवा वडील गेलेले मूल असेल, तर घरच्यांशी आधी बोलावे, गोष्ट कशाबद्दल आहे हे मुलालाही सांगावे आणि मधेच उठून जाण्याची मुभा वाचन सुरू होण्यापूर्वीच द्यावी.