पर्सिक्यूट हा शब्द नक्की कधी वापरायचा

इंग्लिशमध्ये कोणी कोणाला त्रास दिला, वाईट वागवलं असं लिहायचं झालं की बरेच जण डिक्शनरीत छळ शोधतात आणि जो पहिला शब्द दिसेल तो टाकून मोकळे होतात, आणि तिथेच गडबड होते. कारण आपल्याकडे छळ हा एकच शब्द घरातल्या जाचापासून राजाच्या जुलमापर्यंत सगळीकडे चालतो, पर्सिक्यूट तसा चालत नाही.

तर पर्सिक्यूट म्हणजे एखाद्या माणसाला किंवा समाजाला तो कोण आहे किंवा काय मानतो याच कारणावरून, बराच काळ, ठरवून छळणं. म्हणजे धर्म, वंश, राजकीय मत असलं काहीतरी कारण मागे हवंच, आणि छळणाऱ्याच्या हातात ताकद हवी. एकदाच कोणी कानाखाली मारली तर ते पर्सिक्यूट नाही.

बरं यात मारहाण व्हायलाच पाहिजे असंही नाही, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नाझी जर्मनीत ज्यूंना 1933 मध्ये सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली, 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं, सामूहिक कत्तली नंतरच्या, पण 1933 पासूनच्या या सगळ्याला पर्सिक्यूशन म्हणतात. कायदा करून, सह्या-शिक्के मारून सुद्धा माणसाला पर्सिक्यूट करता येतं.

1951 च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारात हाच शब्द आहे. तिथे छळाची पाच कारणं दिलीयत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटातलं असणं आणि राजकीय मत. या पाचपैकी एखाद्या कारणावरून आपल्याला पर्सिक्यूट केलं जाईल अशी रास्त भीती असलेला आणि त्यामुळे आपल्या देशाबाहेर असलेला माणूस निर्वासित धरला जातो. म्हणजे या एका शब्दावर कोणाला आसरा मिळणार की परत पाठवणार हे ठरतं, म्हणून मला तो कुठेही सैल वापरलेला आवडत नाही. बॉसने सुट्टी नाकारली की आय ॲम बीइंग पर्सिक्यूटेड लिहिणारे लोक आहेत, प्लीज नका लिहू. ऑफिसमधल्या त्रासाला हॅरॅस आहे, शाळेतल्या दादागिरीला बुली आहे, नुसतं वाईट वागवलं तर मिसट्रीट किंवा इल-ट्रीट, मुक्या जनावरांसाठी पण हेच दोन, आणि शारीरिक यातना दिल्या तर टॉर्चर.

आता वाक्यात कसं बसवायचं. हा शब्द जास्त करून पॅसिव्हमध्ये येतो. कारण सांगायला फॉर, छळणारा सांगायला बाय. दे वर पर्सिक्यूटेड फॉर देअर बिलीफ्स, म्हणजे त्यांच्या श्रद्धेपायी त्यांचा छळ झाला. द अर्ली ख्रिश्चन्स वर पर्सिक्यूटेड बाय द रोमन्स, हे पण एकदम बरोबर. ॲक्टिव्हमध्ये लिहिताना मधे टू किंवा ऑन घालू नका, मराठीतून विचार करताना आपण हमखास घालतो. द किंग पर्सिक्यूटेड देम, बस, सरळ माणूस येतो पुढे. नाम पर्सिक्यूशन, छळणारा तो पर्सिक्यूटर. उच्चार करताना क्रियापदात जोर पहिल्या अक्षरावर, पर् वर, आणि नामात तो सरकून क्यू वर जातो.

सगळ्यात मोठा घोटाळा प्रॉसिक्यूटशी होतो. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या पाठलाग करणं या एकाच मुळातून आलेत, स्पेलिंग पण जवळजवळ सारखं, पण प्रॉसिक्यूट म्हणजे कोर्टात खटला चालवणं. पब्लिक प्रॉसिक्यूटर म्हणजे सरकारी वकील हे आपल्याला माहीत असतंच, तेवढं आठवलं की प्र वाला कोर्टातला आणि प वाला छळाचा हे डोक्यात बसतं. चोराला प्रॉसिक्यूट करतात. चोराला पर्सिक्यूट केलं असं लिहिलंत तर वाचणारा चोराच्या बाजूने उभा राहील, कारण या शब्दात छळ अन्यायाचा आहे हे आधीच गृहीत धरलेलं असतं.

स्वतःचं वाक्य तपासायचं असेल तर त्यात फॉर लावून पुढे कारण लिहून बघा. तिथे त्या माणसाचा धर्म, वंश, मत, ओळख असलं काही बसत असेल तर शब्द राहू द्या, नाहीतर मिसट्रीट लिहा.