वायर सोलताना या चुका टाळा

गीझरचा सॉकेट काळवंडला की आपण सॉकेटलाच दोष देतो. मेन बंद करून तो उघडा आणि स्क्रूखालची वायर सोडवून पाहा. पुष्कळदा तिथे निम्म्याच तारा शिल्लक असतात, बाकीच्या सोलतानाच गेलेल्या असतात. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर करंट घेतो. तो सगळा उरलेल्या तारांतून आणि स्क्रूच्या ढिल्या पकडीतून जातो, म्हणून सॉकेट तापतो.

मुख्य चूक एकच: पातं प्लास्टिक कापून तांब्यापर्यंत जातं. अडीचच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या) वायरमध्ये बहुधा 0.3 मिलिमीटर जाडीच्या 36 तारा असतात, दीडच्या वायरमध्ये 22. एवढ्या बारीक तारेला नुसता ओरखडाही बाधतो. ती लगेच तुटत नाही. स्क्रू आवळताना किंवा वायर बोर्डाच्या डब्यात दाबताना तुटते. त्यामुळे सोलणाऱ्याला आपलं काम चोख झालंय असंच वाटतं.

स्ट्रिपर म्हणजे वायर सोलायची पक्कड. बऱ्याच स्ट्रिपरच्या खाचांवर अमेरिकी गेजचे, म्हणजे वायरच्या जाडीचे, आकडे असतात आणि गोंधळ तिथेच होतो. या मापात आकडा वाढेल तशी वायर बारीक होते. 14 गेज म्हणजे सुमारे 2.1 चौरस मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 3.3. आपली अडीचची वायर या दोघांच्या मध्ये येते. 14 च्या खाचेत प्लास्टिक झटकन निघतं खरं, पण बाहेरच्या तारा चिरल्या जातात. अडीचला 12 ची आणि दीडला 14 ची खाच वापरून पाहा. स्ट्रिपर स्क्रूने माप ठरवायचा असेल, तर स्क्रूचं माप जमवून घ्या. कुठलाही स्ट्रिपर असो, आधी वायरच्या उरलेल्या तुकड्यावर सोलून पाहा.

त्या तुकड्याच्या तारा मोकळ्या करून उजेडात धरा. आडवी चकाकणारी रेघ दिसली, किंवा निघालेल्या प्लास्टिकच्या नळीत तारेचे तुकडे सापडले, तर खाच लहान पडतेय. उलट प्लास्टिक ताणलं जाऊन त्याची शेपटी उरत असेल, तर खाच मोठी आहे किंवा पातं बोथट झालंय. तेव्हा जोर वाढवू नका. स्ट्रिपर वायरभोवती अर्धा फेरा फिरवा आणि मग सरळ ओढा.

दाताने सोलू नका. लायटरने प्लास्टिक जाळू नका, तांबं काळं पडतं आणि काळ्या तांब्याचा जोड नीट बसत नाही. ब्लेडच वापरायचं असेल तर पेन्सिलला टोक काढतो तसं तिरकं धरा, गोल फिरवून कापू नका.

किती सोलायचं? बऱ्याच स्विचवर मागे लांबी दिलेली असते, ती पाहा. नसेल तर साधारण 8 ते 10 मिलिमीटर. जास्त सोललं की उघडं तांबं टर्मिनलबाहेर (वायर बसवायच्या स्क्रूच्या जागेबाहेर) राहतं. कमी सोललं की स्क्रू प्लास्टिकवर बसतो, आणि हे तर जास्त फसवं, कारण ओढून पाहिलं तरी वायर घट्ट वाटते. तारांना पीळ द्या, पण स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही काही पॉइंटना वीज असते. इन्व्हर्टरही बंद करा. टेस्टर हे सगळं बंद करण्याआधीच चालू पॉइंटवर लावून तो पेटतो याची खात्री करा, बंद केल्यावर मग कामाच्या वायरला लावा, पेटत नाही हे पाहा आणि त्यानंतरच स्ट्रिपर हातात घ्या.